कलंकाचा प्रश्न : गुन्हेगारीच्या अभ्यासांतील परिषदा व पारितोषिकें

विद्वानांच्या परिषदा आणि त्यांना मिळणारीं पदकें यांविषयीं आपल्या समाजांत थोडी थट्टेची भावना असते. अध्यक्षांची निवड, स्वागताचें भाषण, निबंधांचें वाचन, ठराव, शेवटीं छायाचित्र. आणि दुसऱ्या दिवशीं जो तो आपल्या गांवीं. जगाचें यामुळें काय बदललें, असें व्यवहारी माणूस विचारतो, आणि त्याचा प्रश्न अगदींच गैरवाजवी आहे असें म्हणवत नाहीं. तथापि गुन्हा आणि शिक्षा यांचा जो शास्त्रीय अभ्यास आज जगांतील अनेक विद्यापीठांतून शिकविला जातो, त्याचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. या विषयांतील कित्येक मोठे विचार न्यायालयांत किंवा तुरुंगांत न जन्मतां परिषदांच्या सभागृहांत आणि बक्षिसासाठीं लिहिलेल्या निबंधांत पुढें आले; आणि या विषयांतले मोठे प्रमादहि तेथेंच गाजले. त्या सगळ्या इतिहासांतून आज आपण एकच धागा हातीं घेऊं. तो आहे कलंकाचा. एकानें गुन्हा केला, तर त्याचा डाग किती दूर पसरावा आणि किती काळ टिकावा?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील लहानमोठ्या शहरांतून विद्वत्सभा होत्या. एकादा प्रश्न जाहीर करावा आणि त्यावरील उत्तम निबंधास पदक द्यावें, अशी त्यांची चाल होती. बहुधा निबंधावर लेखकाचें नांव नसे. एक बोधवाक्य असे, आणि नांव मोहोरबंद पाकिटांत असे. त्यामुळें अपरिचित तरुणालाहि नामांकित पंडिताशीं स्पर्धा करतां येई. मिलानच्या बेक्कारियाचा गुन्हे व शिक्षा यांवरील छोटा ग्रंथ १७६४ मध्यें निघाला, आणि तेव्हांपासून या सभांचें लक्ष फौजदारी कायद्याकडे वळलें. १७७७ मध्यें स्वित्झर्लंडमधील बर्न येथील सभेनें फौजदारी कायद्याच्या उत्तम योजनेसाठीं बक्षीस लावलें, तेव्हां वृद्ध व्होल्टेरनें त्या रकमेंत स्वतःचें द्रव्य घातलें आणि त्या विषयावर एक पुस्तिकाहि लिहिली.

आपला आजचा प्रश्न मांडला तो फ्रान्समधील मेत्स या शहराच्या राजमान्य विद्वत्सभेनें, १७८४ च्या पारितोषिकासाठीं. प्रश्नाचे तीन भाग होते. गुन्हेगाराला झालेल्या नामुष्कीच्या शिक्षेची लाज त्याच्या कुटुंबांतील सर्वांना चिकटते, ही समजूत आली कोठून? ती उपयुक्त आहे कीं अपायकारक? आणि अपायकारक असेल, तर ती घालवावी कशी?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. त्या काळच्या फ्रान्समध्यें सामान्य माणसाला मृत्युदंड झाला तर तो फांसावर चढे, आणि त्याच्या मागें राहिलेलीं माणसें समाजांतून उठत. मुलींचीं लग्नें अडत. मुलांना मानाच्या जागा मिळत नसत. सरदार घराण्यांतील गुन्हेगाराचा मात्र शिरच्छेद होई, आणि त्या मरणाचा बट्टा घराण्याला लागत नसे. म्हणजे डाग गुन्ह्याचा नव्हता; तो दोरीचा होता.

पहिलें बक्षीस पॅरिसचा वकील लाक्रतेल याला मिळालें. दुसरें पदक, ४०० लिव्र किंमतीचें, आरास या गांवच्या २६ वर्षांच्या एका वकिलाला मिळालें. त्याचें नांव माक्सिमिल्यां रोबेस्पिअर. त्याच्या निबंधाचा रोख स्पष्ट होता. गुन्हा ज्याचा त्याचा असतो. सर्व दर्जांच्या लोकांना एकाच प्रकारची शिक्षा व्हावी. आणि गुन्हेगाराची मालमत्ता जप्त करून त्याच्या निरपराध मुलाबाळांना उपाशी मारूं नये. पुढच्याच वर्षीं हा निबंध पॅरिसमध्यें छापून निघाला.

बक्षिसाच्या निबंधांचें भाग्य सहसा एवढ्यावर संपतें. या प्रश्नाचें तसें झालें नाहीं. राज्यक्रांतीनंतर डॉक्टर गियोतँ यांच्या सूचनेवरून राष्ट्रसभेनें २१ जानेवारी १७९० रोजीं ठराव केला. एकाच गुन्ह्याला, गुन्हेगार कोणत्याहि दर्जाचा असो, एकच शिक्षा. गुन्हा हा वैयक्तिक असल्यामुळें कुटुंबाच्या अब्रूला त्याची बाधा नाहीं. मालमत्तेची जप्ती बंद. नातलगांनीं मागितल्यास प्रेत त्यांच्या स्वाधीन करावें, आणि मृत्यूच्या नोंदींत तो कोणत्या प्रकारें आला याचा उल्लेख करूं नये. पुढच्याच महिन्यांत पॅरिसमध्यें अगास नांवाच्या दोघां भावांना बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्याबद्दल फांशी झाली, तेव्हां त्यांच्या मुहल्ल्यानें त्यांच्या नातलगांचा जाहीर सन्मान केला आणि त्यांना नागरिकांच्या पलटणींत अधिकारपदें दिलीं. विद्वत्सभेंत विचारलेला प्रश्न सहा वर्षांत रस्त्यावर येऊन पोहोंचला होता.

परंतु कायदा बदलला म्हणून मन बदलतेंच असें नाहीं. २८ जुलै १७९४ रोजीं रोबेस्पिअर स्वतःच त्या सर्वांसाठीं समान झालेल्या यंत्राखालीं गेला. शेंकडों लोकांना तेथवर पाठविण्याचा दोष त्याच्या माथीं होता. त्याची बहीण शार्लोत हिला अटक झाली तेव्हां तिनें भावाचें आडनांव टाकून आईच्या माहेरचें नांव घेतलें होतें. ज्यानें कुटुंबाच्या कलंकावर पदक मिळविलें, त्याच्याच घरीं तो कलंक मुक्कामास आला.

आतां शंभर वर्षें ओलांडून इटलींत येऊं. कलंक रक्तांतून उतरतो, ही समजूत कायद्यानें जुनाट ठरविली होती. ती या वेळीं शास्त्राचा पोषाख घालून परत आली. चेझारे लाँब्रोझो या वैद्यानें १८७६ मध्यें गुन्हेगार मनुष्यावर एक ग्रंथ लिहिला. कित्येक गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार असतात. ते मानवजातीच्या आदिम अवस्थेचे अवशेष होत. आणि कवटी, जबडा, कान, कपाळ यांवरून ते ओळखतां येतात, असें त्याचें प्रतिपादन होतें. १८८५ च्या नोव्हेंबरांत रोम येथें गुन्हेगारी-मानवशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कवट्या, मुखवटे, छायाचित्रें यांचें मोठें प्रदर्शन मांडलें होतें, आणि परिषदेवर लाँब्रोझोच्या संप्रदायाचा पगडा होता. तरीहि तेथें लियाँचे वैद्यकाचे अध्यापक लाकासान्य उठले. रोगजंतु कितीहि घातक असला तरी योग्य द्रव मिळेपर्यंत तो वाढत नाहीं. गुन्ह्याचेंहि तसेंच, आणि तो द्रव म्हणजे समाज, असें त्यांनीं सांगितलें. ज्या सभेंत प्रतिपक्षाच्या कवट्या मांडून ठेवल्या आहेत, त्या सभेंत हें बोलणें सोपें नव्हतें.

चार वर्षांनीं, १८८९ मध्यें, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें दुसरी परिषद भरली. तेथें मानुव्रिए या मानवशास्त्रज्ञानें लाँब्रोझोच्या मोजमापांवर कठोर टीका केली. वाद चिघळला, तेव्हां लाँब्रोझोचा सहकारी गारोफालो यानें एक उत्तम तोड सुचविली. सात जणांची समिति नेमावी; तिनें १०० गुन्हेगार आणि १०० प्रामाणिक माणसें घेऊन त्यांचीं मापें ताडून पाहावीं, आणि पुढच्या परिषदेंत निकाल सांगावा. दोन्ही पक्षांचीं माणसें समितींत घेतलीं गेलीं. शास्त्राला साजेसा याहून न्याय्य मार्ग तो कोणता असणार? पण समितीनें तें काम केलेंच नाहीं. अहवालच नाहीं, तेव्हां येऊन काय करायचें, अशी तक्रार करीत १८९२ च्या ब्रसेल्स येथील परिषदेवर इटालियनांनीं बहिष्कार घातला. भाषणें झालीं, जेवणावळी झाल्या, ठराव झाले. जें मोजायचें होतें तेवढेंच राहिलें.

तें मोजलें गेलें पुढें इंग्लंडांत, कोणत्याहि परिषदेच्या झगमगाटावांचून. चार्लस गोरिंग या तुरुंगाच्या डॉक्टरानें ३,००० हून अधिक कैद्यांचीं मापें घेऊन ताडून पाहिलीं. तुलनेसाठीं त्यानें विद्यापीठांतले विद्यार्थी आणि सैनिकहि घेतले. १९१३ मध्यें त्याचा ग्रंथ निघाला आणि त्यानें सांगितलें कीं, शरीरावरून ओळखतां येणारा गुन्हेगारांचा निराळा वर्ग नाहींच. वारशाचा मोह गोरिंगलाहि पुरता सुटला नव्हता. बुद्धीची उणीव वंशांतून येते आणि तीच गुन्ह्याकडे नेते, असें तो मानी. परंतु कानाच्या पाळीवरून चोर ओळखण्याचें शास्त्र त्यानें मोडीत काढलें.

युरोपांत हे वाद होत असतांना आपल्या देशांत काय चाललें होतें? येथें लाँब्रोझोच्या ग्रंथाची वाट पाहण्याची गरज सरकारला भासली नव्हती. त्याच्या पांच वर्षें आधीं, १८७१ मध्यें, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोरीचा धंदा करणाऱ्या जातींत जन्मलेला मुलगा चोरच होणार, असा युक्तिवाद त्याच्या मुळाशीं होता. या कायद्यानें एकेका माणसाचा गुन्हा शाबीत करण्याचा खटाटोपच टाळला. जमात जाहीर केली कीं काम झालें. १९११ च्या कायद्यानें हें जाळें देशभर पसरलें. ठराविक वेळीं हजेरी, परवान्यावांचून गांव सोडण्यास बंदी, बोटांचे ठसे, आणि कित्येकांच्या नशिबीं तारेच्या कुंपणांतली वसाहत. सोलापुरांत जुनीं माणसें त्या वसाहतीला नुसतें ‘सेटलमेंट’ म्हणत. मेत्सच्या प्रश्नांत बापाचा डाग मुलाला लागत होता. येथें गुन्हा कोणीं केलेलाच नसतांहि तो जन्मणाऱ्या प्रत्येकाला लागत होता.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा देशभर रद्द झाला, आणि विमुक्त जमाती तो दिवस पाळतात. परंतु कागदावरचें नांव पुसलें तरी लोकांच्या ओठांवरचें पुसत नाहीं. महाराष्ट्रांत त्याचा एक दाखला आहे. ज्या नांवानें एका जमातीला हिणवलें जाई, तेंच ‘उचल्या’ हें नांव लक्ष्मण गायकवाड यांनीं आपल्या आत्मचरित्राला दिलें. तें १९८७ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि १९८८ मध्यें त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार वाङ्मयाचा, आपल्या विषयाच्या शास्त्राचा नव्हे. पण ज्याच्याबद्दल इतरांनीं परिषदा भरवाव्या, त्यानें स्वतः साक्ष द्यावी आणि ती मानानें ऐकली जावी, हें त्या शास्त्राच्या इतिहासांतहि नोंदवून ठेवण्यासारखें आहे.

इकडे अमेरिकेंत हा अभ्यास हळूहळू विद्यापीठाच्या दारीं येत होता. १९०९ मध्यें शिकागो येथें नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या कायदाशाळेला ५० वर्षें झालीं. त्या निमित्तानें प्राचार्य विग्मोर यांनीं फौजदारी कायदा व गुन्हेगारीशास्त्र यांची राष्ट्रीय परिषद बोलावली. वकील, वैद्य, समाजशास्त्रज्ञ एकत्र बसले. तिच्यांतून एक संस्था निघाली आणि पुढच्या वर्षीं तिचें नियतकालिक सुरू झालें. त्याच सुमारास कॅलिफोर्नियांतील बर्कली शहराचा पोलिस-प्रमुख ऑगस्ट व्होल्मर यानें पोलिसांसाठीं शाळा काढली होती. त्यानें स्वतः विद्यापीठाचें तोंड पाहिलेलें नव्हतें. तरी पोलिसाला शरीरबळाइतकीच विद्याहि हवी, अशी त्याची श्रद्धा होती, आणि पुढें तो स्वतः विद्यापीठांत अध्यापक झाला. ३० डिसेंबर १९४१ रोजीं, पर्ल हार्बरवरील हल्ल्यास महिनाहि झाला नसतांना, त्याच्या घरीं महाविद्यालयांतून पोलिसांना शिकविणारे थोडेसे अध्यापक जमले आणि त्यांनीं एक मंडळ स्थापन केलें. त्याच मंडळाची पुढें अमेरिकन गुन्हेगारीशास्त्र-परिषद झाली.

या परिषदेच्या दोन पुरस्कारांचीं नांवें पाहण्यासारखीं आहेत. एक व्होल्मरच्या नांवाचा आहे; दुसरा एडविन सदरलंडच्या. सदरलंड समाजशास्त्राचा अध्यापक. १९३९ च्या डिसेंबरांत फिलाडेल्फिया येथें समाजशास्त्र-परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यानें जें भाषण केलें, त्यांत कलंकाचा प्रश्न अगदीं उलटा करून टाकला. गुन्ह्याचें मूळ दारिद्र्यांत, वेडांत किंवा वंशांत शोधणाऱ्या विद्वानांना त्यानें विचारलें कीं, मोठ्या कंपन्यांचे सुखवस्तु, सुशिक्षित संचालक कायदा मोडतात, त्याचें काय? ते तुरुंगांत जात नाहींत म्हणून तुमच्या मोजमापांत येत नाहींत, एवढेंच. आज सर्वतोमुखीं असलेला ‘पांढरपेशा गुन्हेगारी’ हा शब्द त्या भाषणानें रूढ केला. १९४९ मध्यें त्याचें पुस्तक निघालें तेव्हां ज्या ७० कंपन्यांचा त्यानें अभ्यास केला होता, त्यांचीं नांवें खटल्याच्या धास्तीनें गाळलीं गेलीं. नांवांसकट तें प्रसिद्ध झालें १९८३ मध्यें, लेखकाच्या मृत्यूनंतर ३३ वर्षांनीं. गरीब जमातीचें नांव कायद्याच्या पुस्तकांत उघड छापतां येत होतें; श्रीमंत कंपनीचें नांव अभ्यासाच्या ग्रंथांतहि छापतां येत नव्हतें. कलंक कोणाला चिकटतो आणि कोणाला चिकटत नाहीं, हें यापेक्षां स्पष्ट कोण सांगेल?

१९६३ मध्यें पोलिसांच्या शिक्षणाला वाहिलेल्या प्राध्यापकांनीं आपली निराळी संघटना केली. १९७० मध्यें तिनें फौजदारी-न्यायशास्त्रांची अकादमी असें नांव घेतलें, आणि तीहि वार्षिक परिषदा भरवून पोलिसकारभाराचा अभ्यासक ब्रूस स्मिथ याच्या नांवाचा व इतर पुरस्कार देऊं लागली. दरम्यान १९६८ च्या कायद्यानें पोलिसांच्या उच्च शिक्षणासाठीं सरकारी पैसा वाहूं लागला होता, आणि गांवोगांवीं अभ्यासक्रम निघाले. संख्या वाढली म्हणजे विद्या वाढते असें नाहीं. १९७८ मध्यें लॉरेन्स शर्मन यांच्या पुढाकारानें तयार झालेल्या एका अहवालानें स्पष्ट बजावलें कीं, पुष्कळ ठिकाणीं जुनी पोलिसी तालीमच विद्यापीठाच्या नांवाखालीं चालली आहे. पोलिसाला कवाइतीपलीकडचें, विचार करायला लावणारें शिक्षण दिलें पाहिजे. आपल्या मुंबईंत १९३६ मध्यें दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याची जी शाळा निघाली, आणि जिच्यांतून टाटा समाजविज्ञान संस्था वाढली, तिनें गुन्हेगारीचा अभ्यास समाजसेवेच्या अंगानें शिकविला. कैदी हा आधीं माणूस आहे, ही तेथील शिकवणुकीची पहिली पायरी.

शेवटीं स्टॉकहोमला जाऊं. स्वीडनच्या त्या राजधानींत २००६ मध्यें गुन्हेगारीशास्त्राचें आंतरराष्ट्रीय पारितोषिक प्रथमच देण्यांत आलें. परीक्षकमंडळाच्या प्रमुखांत वर उल्लेखिलेले शर्मन होते. पहिलें पारितोषिक दोघांत विभागलें गेलें. एक मानकरी जर्मनीचे फ्रीड्रिख लोझेल. दुसरे ऑस्ट्रेलियाचे जॉन ब्रेथवेट. ब्रेथवेट यांचा १९८९ चा मुख्य ग्रंथ कशावर आहे? लाजेवर! लाज दोन प्रकारची असते, असें ते म्हणतात. एक माणसावर शिक्का मारून त्याला बाहेर ढकलते, आणि मग तो आपल्यासारख्याच ढकललेल्यांची संगत धरतो. दुसरी कृत्याचा धिक्कार करते, पण कर्त्याला परत आंत घेण्याचें दार उघडें ठेवते. पहिलीनें गुन्हे वाढतात, दुसरीनें कमी होतात, असा त्यांचा सिद्धांत. मेत्सच्या पदकापासून स्टॉकहोमच्या पदकापर्यंत २२२ वर्षें गेलीं, आणि प्रश्न तोच निघाला.

तर मग या परिषदांचें मोल कशावरून ठरवावें? मेत्सच्या सभेचें मोल तिच्या प्रश्नांत होतें. रोमच्या परिषदेचें मोल तेथें एका माणसाला विरुद्ध बोलतां आलें यांत होतें. पॅरिसच्या परिषदेनें शंभर विरुद्ध शंभर मोजण्याचा शब्द दिला आणि तो पाळला नाहीं. त्या दिरंगाईची किंमत विद्वानांनीं दिली नाहीं, ज्यांच्या कपाळाचीं मापें घेतलीं जात होतीं त्यांनीं दिली. पदक एकाच्या गळ्यांत पडतें, पण प्रश्न सर्वांचा असतो. तो नीट विचारला जातो कीं नाहीं आणि कबूल केलेला तपास पुरा होतो कीं नाहीं, एवढें सामान्य माणसानेंहि पाहावें.

ब्रेथवेट यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षीं न्यूझीलंडनें अल्पवयीन गुन्हेगारांसाठीं एक कायदा केला. माओरी लोकांच्या जुन्या रीतींतून त्यानें एक गोष्ट उचलली. मुलानें गुन्हा केला तर पुष्कळशा बाबतींत निकालापूर्वीं एक बैठक बोलवावी. तींत तो मुलगा, त्याचे आईबाप व आप्त, ज्याचें नुकसान झालें तो मनुष्य आणि पोलिस, सर्वांनीं एकत्र बसून भरपाई कशी व्हावी तें ठरवावें. या बैठकीलाहि तेथें परिषदच म्हणतात. तींत निबंध वाचले जात नाहींत आणि पदकें वाटलीं जात नाहींत. गुन्हेगाराचें कुटुंब मात्र तेथें मान खालीं घालून दाराबाहेर उभें नसतें. त्याच्यासाठीं खुर्ची मांडलेली असते.